प्रश्न तुमचे : युरियासुद्धा सेंद्रियच असतो, मग सोलर का नाही?

मागच्या अंकात सेंद्रिय सोलर सेलवर चार ओळींची एक चौकट छापली होती. त्यात एवढंच होतं की सिलिकॉन न वापरता, कार्बनच्या रेणूंची शाई करून ती फिल्मवर छापली तरी वीज मिळते आणि लॅबमध्ये अशा सेलची एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या उन्हातली किती टक्के ऊर्जा वीज होते तो आकडा, आता १९-२० टक्क्यांवर गेलीये. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला, कारण मी काही वर्षं लॅबमध्ये हेच सेल बनवत होते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचं नाव राहिलं तर रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्याकडे द्राक्षाची सेंद्रिय बाग आहे. हे सेंद्रिय सोलर म्हणजे शेणखत, गोमूत्र असलं काही असतं का? आणि त्यात केमिकल नसतात हे खरं का? (शेतकरी, निफाड)

नाही हो दादा, उलट त्यात केमिकलशिवाय दुसरं काहीच नसतं. हा सगळा शब्दाचा घोळ आहे. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, जिवंत शरीरातून आलेलं. पूर्वी रसायनवाल्यांना वाटायचं की असे पदार्थ फक्त जीवच बनवू शकतो, मग १८२८ मध्ये जर्मनीत फ्रेडरिक वोलरने काचेच्या भांड्यात युरिया तयार केला, किडनीबिडनी काही न लागता. तेव्हापासून केमिस्टच्या लेखी सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचा रेणू, मग तो गाईने केलेला असो नाहीतर फॅक्टरीने. म्हणजे गंमत बघा, जो युरिया तुमच्या बागेत टाकला तर तुमचं सर्टिफिकेट जाईल तोच आमच्या पुस्तकात सेंद्रिय संयुग म्हणून पहिल्या पानावर बसलाय. हे सेल म्हणजे एका अर्थी खास बनवलेलं प्लास्टिक आणि रंग. शेणाचा संबंध नाही.

प्रश्न : प्लास्टिकमधून वीज जात नाही असं आम्ही ३५ वर्षं पोरांना शिकवलं, वायरला वरून प्लास्टिक त्यासाठीच असतं ना? मग त्यातून वीज तयार कशी होते? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, तुम्ही चुकीचं शिकवलं नाहीत, बहुतेक प्लास्टिकला ते लागू आहेच. पण काही प्लास्टिकमध्ये कार्बनच्या साखळीत एक बंध एकेरी, एक दुहेरी, परत एकेरी अशी रांग असते आणि अशा साखळीवर इलेक्ट्रॉनला सरकायला वाट मिळते. हे कळलं तेही चुकून. १९६७ मध्ये जपानमध्ये हिदेकी शिराकावांच्या लॅबमध्ये एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत चंदेरी पापुद्रा तयार झाला. पुढे अमेरिकेत अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्याबरोबर १९७७ ला त्यांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली तर त्याची वीज वाहून न्यायची ताकद एक कोटी पट वाढली. तिघांना २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता वीज तयार होण्याचं. सिलिकॉनवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मोकळा फिरायला लागतो. प्लास्टिकमध्ये तसं होत नाही, इलेक्ट्रॉन उठतो खरा पण त्याची मागे राहिलेली रिकामी जागा, जिला आपण होल म्हणतो, ती त्याला धरूनच ठेवते, कारण सिलिकॉन ही ओढ जितकी बोथट करतो तितकी प्लास्टिकला करता येत नाही. जत्रेत हात धरून फिरणाऱ्या जोडीसारखे ते दोघं एकत्रच फिरतात, त्या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. आणि तिचं आयुष्य फार थोडं. साधारण १० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चालली की जोडी परत एकमेकांत विरून जाते, ऊन वाया.

मग करायचं काय, तर शेजारी दुसरा एक पदार्थ ठेवायचा ज्याला इलेक्ट्रॉनची जास्त हाव आहे. सीमेवर जोडी पोचली की तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, होल पहिल्याकडे राहतो, दोघं आपापल्या बाजूच्या तारेकडे निघतात, झाली वीज. देणारा तो डोनर आणि घेणारा तो अॅक्सेप्टर. १९८६ ला कोडॅक कंपनीत चिंग टँग यांनी असे दोन रंग एकावर एक थर देऊन जेमतेम एक टक्का एफिशियन्सीचा सेल केला होता. फोटोच्या रोलवाली कोडॅक, तीच. पण थरावर थर दिला की सीमा एकच, आणि तिच्यापासून १० नॅनोमीटरच्या आतलंच ऊन कामाचं, बाकीचं फुकट. थर तेवढाच पातळ केला तर ऊन आरपार जाईल. हीगरांच्या ग्रुपने १९९५ ला यावर तोड काढली, दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून टाकले, म्हणजे वाळल्यावर फिल्मभर सीमाच सीमा. याला बल्क हेटरोजंक्शन म्हणतात. आजचे जवळजवळ सगळे चांगले सेल याच पद्धतीचे आहेत.

प्रश्न : मी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेपरात नेहमी नवीन मॉलिक्यूलचं नाव येतं. एफिशियन्सी वाढते ती मॉलिक्यूल डिझाइनमुळे की प्रोसेसिंगमुळे? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

गठ्ठ्यातला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

लोकांना वाटतं मॉलिक्यूलमुळे. पेपरात नाव त्याचंच येतं, फोटोही त्याचाच. मॉलिक्यूल महत्त्वाचा आहेच, पण तो वाळतो कसा यावर निम्मा खेळ आहे, माझ्या अनुभवाने तर निम्म्याहून जास्त.

आधी मॉलिक्यूलच बघू. त्याला एक ताठ सपाट कणा हवा म्हणजे रेणू एकमेकांवर भाकऱ्यांच्या चवडीसारखे बसतील आणि इलेक्ट्रॉनला एकावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. पण नुसता ताठ कणा कुठल्याच द्रावकात विरघळत नाही, दगड होतो. म्हणून त्याला कार्बनच्या शेपट्या लावतात. शेपटी आखूड राहिली तर शाई बनत नाही आणि लांब झाली तर चवड ढिली होते, यात लोकांच्या अख्ख्या पीएचड्या गेल्यात. शिवाय शेपटी कुठल्या बाजूला लावली हेही बघावं लागतं. पी-३-एच-टी म्हणून एक जुना पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, आहे, त्याच्या शेपट्या सगळ्या एका शिस्तीत असतील तरच तो चांगला चालतो, उलटसुलट झाल्या की साखळी पिळवटते आणि संपलं.

अॅक्सेप्टर म्हणून बरीच वर्षं सी-६० वापरायचे, तो फुटबॉलसारखा कार्बनचा रेणू, त्यालाच एक शेपटी लावून पीसीबीएम केलेलं. इलेक्ट्रॉन खेचायला एक नंबर, पण ऊन गिळायला आळशी आणि त्यात फारसा बदलही करता येत नाही. २०१५ ला पेकिंग विद्यापीठात श्याओवेई झान यांच्या ग्रुपने आयटीआयसी नावाचा लांबट अॅक्सेप्टर केला आणि २०१९ ला चांग्शा इथल्या यिंगपिंग झोऊ यांच्या ग्रुपने वाय-६ आणला, पीएम-६ नावाच्या डोनरबरोबर तो एकदम १५.७ टक्क्यांवर गेला. वाय-६ चा आकार चंद्रकोरीसारखा, मधे इलेक्ट्रॉन देणारा भाग, टोकांना आणि पोटात घेणारा, टोकांवर फ्लोरिन. या देण्याघेण्याच्या ओढाताणीने तो डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेडसुद्धा शोषतो, ९०० नॅनोमीटरच्याही पुढे. पीएम-६ दिसणारं ऊन गिळतो, वाय-६ त्याच्या पुढचं, दोघांनी उन्हाची वाटणी करून घेतलीये. आजचे १९-२० टक्केवाले बरेचसे सेल याच घराण्यातले आहेत.

पण या दोन्ही पावडरच्या बाटल्या तुझ्या हातात आणून दिल्या तरी पहिल्या दिवशी तुला १५ टक्के मिळणार नाहीत, हे मी लिहून देते. कारण द्रावण काचेवर पडल्यापासून वाळेपर्यंतच्या काही सेकंदांत आत काय घडतं त्यावर सगळं ठरतं. डोनर आणि अॅक्सेप्टर अगदी एकजीव मिसळले तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला सलग वाट नाही, आणि फाटलेल्या दुधासारखे वेगवेगळे गोळे झाले तर एक्सिटॉन सीमेपर्यंत पोचायच्या आधीच मरतो. हवं असतं ते मधलं, १०-२० नॅनोमीटरची दोन्हीची गुंतलेली जाळी. कुरडया वाळवताना ऊन कडक असलं तर त्या तडकतात आणि ढगाळ राहिलं तर आंबतात, तसलाच प्रकार, फक्त इथे वाळवण सेकंदांत होतं.

हा वेग हातात ठेवायचे मार्ग आहेत. एक म्हणजे द्रावक बदलणं, क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो, क्लोरोबेन्झिन १३२ ला, म्हणजे पहिल्याने झटपट वाळतं आणि दुसऱ्याने रेणूंना रचून घ्यायला वेळ मिळतो. दुसरं, वाळल्यावर तापवणं. २००५ ला पी-३-एच-टी आणि पीसीबीएमची फिल्म १५० अंशाला तापवून पाच टक्क्यांपर्यंत गेले होते, तेव्हा तो आकडा मोठा होता. तिसरा मार्ग मला फार आवडतो. शाईत दोन-तीन टक्के असं काहीतरी टाकायचं जे सगळ्यात शेवटी उडतं आणि दोघांपैकी एकालाच विरघळवून ठेवतं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला हीगर आणि गिलेर्मो बझान यांच्या लोकांनी हे दाखवलं, त्यांचा एक सेल २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेला, मॉलिक्यूल तेच, मशीन तेच, फक्त द्रावणात चमचाभर भर. मग सगळं जग डायआयोडोऑक्टेनच्या बाटल्या मागवायला लागलं, आम्हीही. (फिल्ममध्ये थोडं राहून गेलं तर पुढे तेच सेलला खातं, हे कोणी आधी सांगत नाही.)

माझा स्वतःचा किस्सा सांगते. मी पी-३-एच-टीच्या फिल्म करायचे, स्पिन कोटरवर काच गरगर फिरवायची आणि थेंब टाकायचा, फिल्म नेहमी नारिंगी तपकिरी यायची. एकदा फिल्म अजून ओली असतानाच मशीन थांबलं, तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी तिच्यावर पेट्री डिश पालथी घातली आणि गेले, वीस मिनिटांनी येऊन बघते तर ती जांभळी. मला वाटलं बिघडली, फेकायलाच निघाले होते. मोजली तर त्या आठवड्यातला सगळ्यात जास्त करंट तिचाच. डिशखाली द्रावकाची वाफ अडकल्यामुळे ती सावकाश वाळली आणि साखळ्यांना नीट चवड लावून बसायला सवड मिळाली. मी दोन दिवस नोबेलच्या हवेत, मग सरांनी २००५ चा एक पेपर पुढे ठेवला, कॅलिफोर्नियातल्या लोकांनी हेच आधी करून, मोजून, छापून टाकलेलं. तर मुली, सिंथेसिस जरूर शिक, पण जी लॅब फक्त रेणू बनवते आणि फिल्म दुसऱ्याकडे पाठवते तिथे जाण्याआधी दोनदा विचार कर. पुण्याच्या एनसीएलमध्ये (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) आणि आयआयटी कानपूरच्या फ्लेक्झिबल इलेक्ट्रॉनिक्स सेंटरमध्ये काय चाललंय ते बघ, कानपूरला तर रोलवर छापायचं मशीनही आहे.

प्रश्न : २० टक्के म्हणजे आमच्या गच्चीवरच्या पॅनलएवढेच की! सोसायटी आता सिलिकॉनचं पॅनल बसवणार आहे, थांबावं का? (डोंबिवली)

अजिबात थांबू नका. ते २० टक्के ज्या सेलवर मोजले तो बऱ्याचदा मसुराच्या डाळीएवढा असतो, नायट्रोजन भरलेल्या पेटीत बनवलेला, आणि डझनभरातला जो सर्वात बरा निघाला तो. स्पिन कोटरवर छान जमलेली फिल्म मोठ्या रोलवर काढायला गेलं की वाळायचा वेग बदलतो, जाळी बदलते, टक्के उतरतात. तुमच्या गच्चीवरचं सिलिकॉन २५ वर्षांच्या वॉरंटीचं येतं, सेंद्रियला हवा, पाण्याची वाफ आणि अल्ट्राव्हायोलेट तिघंही छळतात. घरगुती पॅनलला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि वर ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, सोसायटीच्या कॉमन कनेक्शनचे दर वेगळे, ते विचारून घ्या.

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलजवळ राहतो. इथे कोणार्क नावाची कंपनी होती म्हणे, हेच बनवणारी. नाव आपलं कसं आणि कंपनी बुडाली का?

नाव आपलंच, ओडिशातल्या सूर्यमंदिरावरून. लोवेलच्या विद्यापीठात सुकांत त्रिपाठी नावाचे भारतीय प्राध्यापक होते, त्यांच्या कामातून आणि हीगरांच्या सहभागाने २००१ ला कोणार्का उभी राहिली, पण त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २००० मध्येच त्रिपाठी गेले. २००८ ला कंपनीने न्यू बेडफर्डला पोलरॉइडची जुनी इमारत घेतली. हे मला फार सुंदर वाटतं, कारण लांबलचक फिल्मवर एकसारखा पातळ लेप द्यायची विद्या फोटोवाल्यांकडेच होती, टँग कोडॅकचे आणि मशीन पोलरॉइडचं.

बुडायची कारणं दोन. फिल्मची एफिशियन्सी काही टक्क्यांतच अडकली आणि आयुष्य थोडं. त्यात नेमकी त्याच वर्षांत चीनमधल्या सिलिकॉनची किंमत कोसळली, वॉटमागे चार डॉलरच्या आसपास असलेलं पॅनल २०१२ पर्यंत एका डॉलरखाली आलं. २०१२ ला कंपनीने दिवाळं काढलं. मला विचाराल तर तेव्हा वाय-६ सारखा अॅक्सेप्टर हाताशी असता तरी किमतीत ती टिकली नसती. आता जर्मनीत ड्रेस्डेनची हेलियाटेक रोलवर सेंद्रिय फिल्म करते, पण ती शाईने नाही, व्हॅक्यूममध्ये छोटे रेणू वाफेने बसवून. जिथे जड काचेचं पॅनल छत पेलत नाही तिथे चिकटवायला. ही जागा मला जास्त खरी वाटते.

प्रश्न : एका चौरस मीटरला हे मटेरियल किती लागतं? महाग असतं का? (अकाउंटंट, कोल्हापूर)

हिशोब तुम्हीच करा. फिल्मची जाडी १०० नॅनोमीटर, म्हणजे चौरस मीटरला ०.१ घनसेंटिमीटर, वजनात साधारण एक दशांश ग्रॅमच्या थोडं वर. कॅटलॉगमध्ये या रेणूंचा ग्रॅमचा भाव सोन्यालाही लाजवतो, कारण बनवायला पुष्कळ पायऱ्या, पॅलेडियम आणि दर पायरीला शुद्धीकरण. तरी लागतं एवढंसं. खरा खर्च खालची पारदर्शक इलेक्ट्रोड आणि वरचं हवाबंद आवरण यांचा. आणि द्रावकाचा त्रास वेगळा, क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोबेन्झिनच्या बादल्या घेऊन फॅक्टरी चालवायला कोण परवानगी देईल? म्हणून झायलीनसारख्या जरा सोज्वळ द्रावकात विरघळतील अशा शेपट्या शोधणं चालू आहे. बघा, परत गाडी शेपट्यांवरच आली.

प्रश्न : तळेगावला आमचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. हे वर पसरता येईल का? झाडांचं ऊन जाईल ना? (मावळ)

कल्पना चांगली आहे आणि यावर प्रयोग चालू आहेत. पानाला मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश लागतो, इन्फ्रारेडचं त्याला काम नाही, त्याने नुसतं आतलं घर तापतं. वाय-६ सारखे रेणू तेच इन्फ्रारेड खातात. म्हणजे डोनर नीट निवडला तर वरचा पडदा वीज करेल, खाली झाडाला त्याचं देऊन. सिलिकॉनला ही निवड जमत नाही, तो सगळंच गिळतो. शिवाय तुमचा पॉलिहाऊसचा कागद तसाही तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो, तेव्हा २५ वर्षं टिकत नाही हा दोष इथे निम्मा होतो. पण त्या कागदाच्या भावात तो अजून मिळत नाही, आणि मावळातल्या पावसात चार महिने भिजल्यावर कडेने पाणी शिरलं की काळे डाग पडणार हे मी आत्ताच सांगते. सध्या तरी साधा कागदच लावा.

प्रश्न : मी नववीत आहे. सायन्स एक्झिबिशनला असा सेल घरी करता येईल का? (कुडाळ)

हा सेल नाही, पण त्याचा चुलतभाऊ येईल. १९९१ ला मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओरेगन यांनी मांडलेला, रंगाने ऊन पकडणारा सेल. तुला वीज वाहणाऱ्या काचेचे दोन तुकडे लागतील, ते शाळेमार्फत ऑनलाइन मागव, मिळतात. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर थोड्या व्हिनेगरमध्ये खलून पातळ थर दे, वाळला की सरांच्या देखरेखीखाली ४५० अंशांच्या आसपास अर्धा तास भाजायचा, हे घरच्या गॅसवर एकटीने करायचं नाही. गार झाला की जांभळाच्या गाळलेल्या रसात दहा मिनिटं बुडव, पांढरा थर जांभळा होईल. कोकमाचा रसही चालतो, तुमच्याकडे काय कमी आहे! दुसऱ्या काचेवर मेणबत्तीची काजळी धर किंवा पेन्सिल घास, दोन्ही काचा समोरासमोर क्लिपने पकड आणि मधे आयोडीन-आयोडाइडच्या द्रावणाचे दोन थेंब सोड. सरांचा मल्टिमीटर लावून उन्हात धरलं की ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवेत, चार सेल एकामागे एक जोडले तर बारका कॅल्क्युलेटर चालू होऊ शकतो. आकडा शून्यच आला तर काचेची वीज वाहणारी बाजू बाहेर लागली असणार, आम्ही मोठी माणसंही तीच चूक करतो. आणि युनिफॉर्म घालून हे करू नकोस, जांभळाचा डाग निघत नाही.